बँकेतली वीस वर्षं आणि मतकरींचा पसारा

1958 साली अर्थशास्त्राची पदवी घेऊन नाटककार आणि कथाकार रत्नाकर मतकरी बँक ऑफ इंडियात लागले आणि 1978पर्यंत तिथेच होते. त्यांच्या परिचयात ही वीस वर्षं एका ओळीत उरकली जातात. मला मात्र वाटतं, त्यांचा एवढा मोठा पसारा समजून घ्यायचा तर इथूनच सुरुवात करायला हवी. बालनाट्याची चळवळ, ‘आरण्यक’ आणि ‘लोककथा 78’ ही नाटकं, गूढकथा हे सगळं याच काळात उभं राहिलं. दिवसा बँक, संध्याकाळी तालीम. महिन्याचा पगार ठरलेला होता, म्हणून तिकीटबारीकडे बघून लिहायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

लिहिणं त्याआधीपासूनचं. जन्म 17 नोव्हेंबर 1938चा, आणि 1955मध्ये त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. म्हणजे सतरावं वर्षही पूर्ण व्हायचं होतं किंवा नुकतंच झालं होतं. नाटककाराची सुरुवात रेडिओवर व्हावी, हे मला फार मोलाचं वाटतं. तिथे नेपथ्य नाही, प्रकाश नाही. माणूस उभा करायचा तो त्याच्या बोलण्यातूनच.

सुधा करमरकरांनी 1959मध्ये मुलांच्या नाटकांसाठी लिटिल थिएटर ही संस्था सुरू केली, तेव्हा संस्थेचं पहिलं नाटक होतं मतकरींचं ‘मधुमंजिरी’. पुढे 1962मध्ये पत्नी प्रतिभा यांच्यासोबत मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला कार्यक्रम, शेवटी एक बोधवाक्य, असा समज तेव्हा सर्रास होता. मतकरींनी मुलांना प्रेक्षक म्हणून पुरता मान दिला. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आठवून पाहा. दिलीप प्रभावळकरांनी ती गाजवली. ती रंगमंचावर आली की पहिल्या रांगेतलं पोर आईच्या कुशीत तोंड लपवतं, आणि ती आत गेली की तेच पोर विचारतं, परत कधी येणार? भीती आणि गंमत एकाच वेळी देणं हे मोठ्यांच्या नाटकातही सहज जमत नाही. 2018मध्ये वैभव मांगले यांना घेऊन हे नाटक पुन्हा उभं राहिलं आणि एकाच दिवसात त्याचे पाच प्रयोग झाले. तोवर प्रेक्षकांची दुसरी-तिसरी पिढी आली होती.

‘आरण्यक’ 1974चं. महाभारताचं युद्ध संपल्यानंतर अरण्यात निघून गेलेल्या म्हाताऱ्यांचं, पद्याच्या लयीत लिहिलेलं नाटक. 2018मध्ये तेही परत आलं. ऐंशी ओलांडलेले रवी पटवर्धन पुन्हा धृतराष्ट्र झाले, प्रभावळकर पुन्हा विदुर. तरुणपणी म्हाताऱ्याची भूमिका केलेला नट खऱ्या म्हातारपणी तीच वाक्यं बोलतो, तेव्हा ती वाक्यं वेगळी ऐकू येतात. चव्वेचाळीस वर्षं टिकायला लिखाणात तेवढा दम लागतो.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि मराठी नाटकवाल्यांना एक नवं दार उघडलं. मतकरी तिथेही गेले. पण छोट्या पडद्यावरचं त्यांचं नाव खरं घट्ट बसलं ते ‘गहिरे पाणी’ या मालिकेमुळे. आधी छापून आलेल्या त्यांच्या गूढकथाच त्यात होत्या. वाचताना भीतीचा चेहरा वाचक स्वतःच रंगवतो. कॅमेऱ्याला तो दाखवावा लागतो, आणि बहुतेक गूढकथा तिथेच पडतात. मतकरींच्या कथा पडल्या नाहीत, कारण त्यांतलं भय भुताखेतांपेक्षा घरातल्या माणसांच्या मनातून येतं. मत्सर, अपराधी भावना, न बोललेला राग. ते नटाच्या डोळ्यांतही दिसू शकतं.

छापील पानाशी नातं कधीच तुटलं नाही. कथा, कादंबऱ्या, वृत्तपत्रातलं सदर, नाट्यानुभवांवरचं ‘माझे रंगप्रयोग’. एखादी कथा वर्षानुवर्षं पुस्तकात थांबायची आणि मग दुसरं माध्यम मागायची. ‘इन्व्हेस्टमेंट’ हे त्याचं ठळक उदाहरण. मुलाच्या हातून घडलेला भयंकर गुन्हा आणि आपलं यश वाचवण्यासाठी तो झाकू पाहणारे आईबाप, अशी ती त्यांनीच लिहिलेली कथा. वयाच्या सत्तरीनंतर त्यांनी तिचा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

2018मध्ये बालसाहित्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार आला. मे 2020मध्ये, कोरोनाच्या पहिल्या लाटेत, मुंबईत ते गेले.

त्याआधी, 2014मध्ये, ठाण्यात त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली आणि ती प्रत्यक्षात आली. वस्त्यांतल्या मुलांना तयार संहिता द्यायची नाही, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आपल्या गल्लीत, आपल्या घरात जे घडतं त्यावर मुलांनीच नाटिका रचायच्या आणि मुलांनीच त्या करायच्या. आयुष्यभर मुलांसाठी लिहिलेला हा माणूस तिथे मुलांनी लिहिलेलं बघायला प्रेक्षकांत बसायचा.