पोपोविच, ग्रेग
(जन्म : २८ जानेवारी १९४९). अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल प्रशिक्षक. ‘एनबीए’ या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतील सॅन अँटोनियो स्पर्स या एकाच संघाचे ते १९९६ पासून २०२५ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते. या स्पर्धेत प्रशिक्षकाची नोकरी दोन-तीन हंगामांतही जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या मुदतीचे मोल कळते. जन्म इंडियानातील ईस्ट शिकागो येथे. वडील सर्बियन, तर आई क्रोएशियन वंशाची. १९७० मध्ये ते हवाई दल अकादमीचे पदवीधर झाले.

प्रशिक्षक म्हणून त्यांची खरी घडण झाली ती कॅलिफोर्नियातील पोमोना-पिट्झर या छोट्या महाविद्यालयीन संघात. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसे. खेळाडू शिकायला येत आणि जमेल तसे खेळत. १९७९-८० च्या पहिल्याच हंगामात २ विजय आणि २२ पराभव पदरी आले. तरी त्यांनी तिथे मुक्काम ठोकला आणि १९८६ मध्ये संघाला विभागीय विजेतेपद मिळवून दिले. १९८८ मध्ये स्पर्सचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी त्यांना साहाय्यक म्हणून स्पर्समध्ये नेले.

१९९४ मध्ये ते स्पर्सचे महाव्यवस्थापक झाले. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी प्रशिक्षक बॉब हिल यांना काढून ती जागा स्वतःच घेतली. त्याबद्दल बरीच टीका झाली. संघाचा प्रमुख खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने बाहेर होता आणि तो हंगाम २० विजय, ६२ पराभव असा संपला. नवोदित खेळाडू निवडताना आधीची संधी मिळण्याची शक्यता तळाच्या संघांना अधिक असते. त्या दुर्दशेमुळेच या निवडीत पहिला क्रमांक लाभला आणि टिम डंकन संघात आला. हे नशीबच, पण सलग २२ हंगाम बाद फेरी गाठणे नशिबाने होत नाही. टोनी पार्करची निवड २८ वी, मानू जिनोबिलीची तर ५७ वी होती. इतरांनी मागे ठेवलेल्या या दोघांना पोपोविच यांनी घडवले.

संघाने १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४ मध्ये विजेतेपद मिळवले. यांत शेवटचे सर्वांत देखणे. २०१३ च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात अवघी काही सेकंद उरली असताना मायामीच्या रे ॲलनने तीन गुणांची फेक साधून बरोबरी केली आणि हातचे विजेतेपद गेले. वर्षभराने त्याच मायामीला स्पर्सने ४-१ असे हरवले. चेंडू कुणाच्याच हातात रेंगाळत नव्हता. चांगली संधी सोडून सहकाऱ्याला अधिक चांगली संधी देणे, हीच पोपोविच यांची शिकवण होती. त्याच वर्षी त्यांनी बेकी हॅमन या महिला खेळाडूला पूर्णवेळ साहाय्यक प्रशिक्षक नेमले.

टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेने सुवर्णपदक पटकावले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला. मे २०२५ मध्ये त्यांनी प्रशिक्षकपद सोडले आणि साहाय्यक मिच जॉन्सन त्यांच्या जागी आले. पोपोविच यांच्या नावावर साखळी सामन्यांतील १,४२२ विजय आहेत. हा ‘एनबीए’तील विक्रम असून, आजारपणात जॉन्सन यांनी सांभाळलेल्या सामन्यांचे विजयही त्यात धरलेले आहेत.