पिनयिन आपल्या तोंडासाठी, हान्त्स समोरच्याच्या डोळ्यांसाठी

चीनमधल्या शीआन शहरात टॅक्सीत बसलो आणि मोठ्या रुबाबात ड्रायव्हरकाकांपुढे कागद धरला. हॉटेलचं नाव, रस्ता, घर क्रमांक, सगळं रोमन लिपीत, टपोऱ्या अक्षरात लिहून आणलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद लांब धरून पाहिला, मग नाकाशी नेऊन पाहिला आणि काही न बोलता परत दिला. हॉटेलात फोन लावून तो त्यांच्या हाती दिला, तेव्हा कुठे गाडी हलली. माझी समजूत अशी, की पत्ता आपण चिनीत लिहून आणलाय. आणलं होतं ते पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांत लिहिलेला नुसता उच्चार. काकांना हवी होती हान्त्स, म्हणजे ती चौकोनी चिनी अक्षरं.

चिनी न येता चीनमध्ये फिरणाऱ्याचा पहिला घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. आपल्याकडे स्टेशनवरच्या पाटीवर मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी असतात. कुठलीही वाचा, नाव तेच, आणि रोमन ओळ वाचणारा माणूस फलाटावर सहज भेटतो. चीनमध्येही मोठ्या शहरांत पाटीवर वर अक्षरं आणि खाली रोमन ओळ दिसते. आपण धरून चालतो, की इथेही तोच प्रकार असणार. पण खालची ओळ म्हणजे दुसऱ्या लिपीतलं तेच लिखाण नव्हे. तो फक्त उच्चार आहे, आणि बऱ्याचदा तोही अर्धाच.

पिनयिन ही चिनी शब्दांचे उच्चार रोमन अक्षरांत मांडण्याची सरकारी पद्धत. 1958 साली तिला तिथल्या संसदेने मंजुरी दिली. ती तयार करणाऱ्या समितीत झोउ योउग्वांग नावाचे गृहस्थ एक प्रमुख सदस्य होते. मूळचे अर्थतज्ज्ञ, पुढे भाषेकडे वळले, आणि 2017 मध्ये वारले तेव्हा वय होतं 111 वर्षं. चिनी मुलं पहिलीत पिनयिन शिकतात, त्याचं बोट धरून अक्षरांपर्यंत पोचतात आणि मग पिनयिन मागे पडतं. मोबाइलवर टाइप करताना ते पुन्हा कामाला येतं: रोमनमध्ये उच्चार टाकायचा, खाली अक्षरांची रांग येते, त्यातलं हवं ते निवडायचं. म्हणजे तरुण माणसाला पिनयिन येत नाही असं नाही. कागदावर नुसतं पिनयिन वाचून अर्थ लावायची सवय मात्र कोणालाच नसते. आणि वयस्कर माणसांपैकी अनेकांनी ते शाळेत शिकलेलंच नसतं.

हे समजायला चीनपर्यंत जायची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर रोमनमध्ये मराठी लिहिणारे आपले नातेवाईक आठवा. ‘एम ए एल ए’ एवढीच चार अक्षरं आली, तर ती मला, माला, माळा की मळा? वाक्यात असेल तर कळतं. पण चिठ्ठीवर तेवढा एकच शब्द लिहून रिक्षावाल्याला दिला, तर तोही कपाळावर चष्मा सरकवेल.

चिनीत हा गोंधळ आपल्या कितीतरी पट. एक तर शब्द छोटे, एका-दोन अवयवांचे, म्हणजे एका झटक्यात उच्चारायच्या तुकड्यांचे. त्यात प्रत्येक अवयवाला सूर असतो: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि धाडकन पडणारा. सूर बदलला की शब्दच बदलतो. पिनयिनमध्ये हे सूर दाखवायला स्वरावर चिन्हं आहेत, पण पाट्यांवर, तिकिटांवर आणि आपल्या चिठ्ठ्यांवर ती बहुधा गळलेली असतात. ‘शुइच्याओ’ एका सुरात म्हटलं तर पाण्यात उकडलेल्या करंज्या, दुसऱ्या सुरात म्हटलं तर झोपणं. खाणावळीत जाऊन ‘मला झोपायचंय’ असं ठणकावून सांगणारे परदेशी तिथल्या लोकांना नवे नाहीत. ‘माय’चं तर आणखी गमतीचं: एका सुरात विकत घेणं, दुसऱ्यात विकणं. कागदावर मात्र दोन्ही लगेच ओळखता येतात. ‘विकणे’चं अक्षर म्हणजे ‘घेणे’च्या अक्षराच्या डोक्यावर ठेवलेलं छोटंसं अधिकचं चिन्ह. यीवू या चिनी शहराच्या घाऊक बाजारात माल भरायला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी एवढी एक जोडी तरी ध्यानात ठेवावी.

गावांच्या नावांत फसगत झाली तर ती खिशाला लागते. शांघायहून लोक बागा बघायला सूचोउला जातात, अर्ध्या तासाचा प्रवास. पण आन्हुइ प्रांतातही एक सूचोउ आहे. अक्षर वेगळं, सूर वेगळा, रोमन स्पेलिंग हुबेहूब तेच. वर कडी म्हणजे दोन्ही गावांना बीजिंग-शांघाय हायस्पीड मार्गावर स्टेशन आहे, एकाचं उत्तर सूचोउ, दुसऱ्याचं पूर्व सूचोउ. नुसत्या रोमन नावावर विसंबून तिकीट काढणारा काही शे किलोमीटर पुढे उतरू शकतो. शान्शी प्रांतांची जोडीही अशीच. एकात पिंगयाओ आणि दातोंग, दुसऱ्यात शीआन आणि मातीच्या पुतळ्यांचं ते प्रसिद्ध सैन्य. शेजारी शेजारी असलेले हे दोन प्रांत सुरांशिवाय लिहिले की रोमनमध्ये सारखेच होतात. शेवटी सरकारने शीआनवाल्या प्रांताच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्तीचा घातला, निव्वळ ओळखू यावं म्हणून. अक्षरांत अशी कसरत लागत नाही. पिंगयाओवाल्या प्रांताचं पहिलं अक्षर म्हणजे तीन सुळक्यांचा डोंगर. दुसऱ्याचं अक्षर त्याच्या आसपासही दिसत नाही.

अक्षरांची खरी ताकद समजायला आपला ‘5’ हा आकडा बघावा. मराठी माणूस तो पाच वाचतो, कानडी माणूस ऐदु, तमिळ माणूस ऐन्दु, पण दुकानात कोणाचीच फसगत होत नाही. चिनी अक्षराचंही तसंच. त्याला ‘चित्रलिपी’ म्हणायची आपल्याला सवय आहे, पण बहुतेक अक्षरं चित्रं नसतात, त्यांच्यात अर्थाचा एक तुकडा आणि उच्चाराचा एक तुकडा जोडलेला असतो. बीजिंगचा माणूस एखादं अक्षर एका तऱ्हेने उच्चारतो, क्वांगचोउची कँटोनीज बोलणारी आजी दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोघांना अर्थ एकच कळतो. पिनयिन मात्र बीजिंगकडच्या प्रमाण बोलीचं. क्वांगचोउला 1957 पासून वर्षातून दोनदा मोठा व्यापारमेळा भरतो, आपल्याकडचेही बरेच व्यापारी जातात. तिथल्या एखाद्या जुन्या खाणावळीत पिनयिनचा कागद काढणं म्हणजे कोल्हापुरातल्या आजीला तमिळ शब्द रोमनमध्ये लिहून दाखवण्यासारखं.

मग पिनयिन टाकाऊ का? मुळीच नाही. मेट्रोत पुढचं स्टेशन कोणतं, हे पाटीवर वाचायला तेच लागतं. रेल्वे तिकिटावर नावाच्या शेपटाला चिकटलेले चार शब्द तर पाठच करावेत: बेइ म्हणजे उत्तर, नान दक्षिण, दोंग पूर्व, शी पश्चिम. मोठ्या शहराला अशी चार-पाच स्टेशनं असतात. बीजिंग दक्षिणऐवजी बीजिंग पश्चिमला पोचलात, तर गाडी गेली म्हणून समजा. रस्त्यांच्या पाट्यांवर ‘लू’ म्हणजे रस्ता आणि ‘च्ये’ म्हणजे गल्ली किंवा पेठ, एवढं आलं तरी नकाशा उलगडतो.

आणि स्वतः दोन शब्द बोलायचे, तर पिनयिनशिवाय गत्यंतर नाही. इथे मराठी माणसाच्या हाती एक हुकमी पत्ता आहे, तो इंग्रजांकडे नाही. पिनयिनमधला ‘बी’ हा आपला ब नव्हे, तो बराचसा प आहे, आणि ‘पी’ म्हणजे फ, ओठांनी फुंकलेला. ‘डी’ आणि ‘टी’चं नातं त-थ सारखं, ‘जी’ आणि ‘के’चं क-ख सारखं. म्हणजे बीजिंगचा उच्चार आपल्या कानाला पेइचिंग असा लागतो. चिनी रेडिओच्या हिंदी बातम्यांत ते नाव असंच म्हणतात, आणि ते उगाच नाही. अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपण लहानपणापासून जिभेवर वागवतो. इंग्रजी वळणाच्या माणसाला तो ऐकू यायलाच महिना लागतो. त्याच्याही पुढची चैन म्हणजे आपले दोन च. ‘चार’मधला च म्हणजे पिनयिनचा ‘जे’, ‘चाक’मधला च म्हणजे ‘झेड’. ‘क्यू’ हा चक्क छ, म्हणून ‘क्यू’ने सुरू होणारं ते बिअरवालं बंदर छिंगताओ. ‘एक्स’ हा मऊ श. ही अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची सवय सोडली आणि मनात देवनागरीत उतरवून घेतली, तर उच्चार निम्मे सुधारतात. सूर चुकतीलच, ते चुकू द्यावेत.

अक्षरं मात्र शिकायला जाऊ नये, ओळखायला जावं. दहा पुरतात. रिकामा चौकोन म्हणजे तोंड किंवा दार. त्याच्या आधी एकावर एक रचलेले दोन डोंगर दिसले तर बाहेर जायची वाट, आणि उलट्या ‘व्ही’सारखं दोन पायांचं अक्षर दिसलं तर आत यायची. वर चार खणांची खिडकी असलेलं अक्षर पुरुषांच्या संडासावर असतं. चौकोनातून उभी रेघ गेलेलं अक्षर म्हणजे मध्य, चीनच्या स्वतःच्या नावातलं पहिलं.

पिनयिन आणि अक्षरं या दोघांत लुडबुड करणारा एक तिसरा आहे: इंग्रजी नाव. आपण पुस्तकात ‘फॉरबिडन सिटी’ वाचतो, ड्रायव्हरला ते ठाऊक नसतं, त्याच्या लेखी ते कूकोंग. शांघायचं ‘बंड’ म्हणजे वायथान. म्हणून जिथे जिथे जायचंय त्या प्रत्येक जागेचं अक्षरांतलं नाव घर सोडण्याआधीच मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट करून ठेवावं. हॉटेलात शिरल्या शिरल्या काउंटरवरचं कार्ड उचलावं, त्यावर पत्ता अक्षरांत असतोच. ड्रायव्हरला ‘शफू’ म्हणून हाक मारावी, म्हणजे आपल्याकडे मेस्त्री किंवा उस्ताद म्हणतात तसं, आणि कार्ड पुढे करावं. गूगलच्या सेवा मुख्य चीनमध्ये बंद आहेत, म्हणून भाषांतराचं ऑफलाइन पॅकही भारतातच उतरवून घ्यावं.

शाकाहारी माणसाचं प्रकरण मात्र कॅमेऱ्याने भाषांतर करूनही सुटत नाही. मेन्यूवर ‘मुंग्या झाडावर चढताहेत’ असं भाषांतर आलं तर हसू येतं. त्या अक्षरांत मांसाचं नावही नाही, पण ताटात येतात काचेसारख्या शेवया आणि त्यांना चिकटलेला डुकराचा खिमा. उलट ‘माशाच्या वासाची वांगी’ या पदार्थात मासा नसतो. तो मसाला माशासाठी वापरतात म्हणून ते नाव. खिमा मात्र त्यातही बऱ्याचदा असतो. नुसतं ‘मांस’ म्हटलं की तिथे डुक्कर गृहीत. त्यामुळे ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडीचं सूप घातलेली भाजी कोणी प्रेमाने आणून ठेवतं आणि त्याला आपलं काही चुकलं असं वाटत नाही. ‘वो छ सू’, मी शाकाहारी खातो, हे तोंडाने म्हणावंच, पण सोबत अक्षरांत एक चिठ्ठी हवी: मांस, मासे, अंडी, कोणत्याही प्राण्याचं सूप, चरबी, ऑयस्टर सॉस यांपैकी काही चालत नाही. हॉटेलातल्या मुलीकडून ती लिहून घ्यावी. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खाणावळी असतात, परंपरेने चालणाऱ्या ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य. आपल्या जैन मंडळींना चीनमध्ये पोटभर जेवता येईल अशा जागा याच.

एक पत्ता मराठी माणसाला हमखास हवा असतो, आणि तो रोमनमध्ये शोधून हाती लागत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांची समाधी हबेइ प्रांतात, शच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. बीजिंग पश्चिमहून हायस्पीड गाडीने सव्वा-दीड तास. पण तिथे ‘कोटणीस’ म्हणून विचारलं तर कोणाला उमज पडत नाही. त्यांचं चिनी नाव तीन अक्षरांचं, पिनयिनमध्ये वाचलं तर ‘के दिहुआ’, कानाला ‘ख तीह्वा’. शेवटचं ‘ह्वा’ म्हणजे चीन. पथकातल्या पाचही जणांनी, नागपूरच्या डॉ. चोळकरांनीसुद्धा, ते अक्षर आपल्या चिनी नावाला जोडून घेतलं होतं. ही तीन अक्षरं आणि स्मशानभूमीचं अक्षरांतलं नाव एकाच स्क्रीनशॉटमध्ये घ्या, स्टेशनबाहेर पहिल्या शफूला दाखवा. चेहऱ्यावर ओळख उमटते, मग तो काहीतरी लांबलचक सांगायला लागतो. ते आपल्याला कळत नाही.