हृदयाला भोक की झडपेचं दुखणं?

शाळेत डॉक्टर येऊन गेले, पोराच्या छातीत आवाज येतोय म्हणाले, की गल्लीत बातमी एकच होते: "हृदयाला भोक हाय म्हणं." असा आवाज ठणठणीत मुलांच्या छातीतही कधीकधी सापडतो, त्याला काही करावं लागत नाही. आणि दुखणं खरंच असलं तरी ते भोकच असेल असं नाही; झडपेचंही असू शकतं, म्हणजे हृदयात रक्त मागं फिरू न देणारी जी दारं असतात त्यांचं.

भोक जन्मतःच असतं. हजारात ८-९ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन येतात आणि त्यात कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असणं सर्रास दिसतं. आईनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून ते पडत नाही, हे घरातल्या थोरामोठ्यांना एकदा ठणकावून सांगायला हवं. छिद्र बारीक असेल तर पुष्कळदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर बाळ अंगावर पिताना दमतं, कपाळाला घाम फुटतो, पिणं मध्येच सोडतं आणि भुकेनं पुन्हा रडतं. वजन वाढत नाही, छाती सारखी भरते. इथं "मोठं झालं की भरंल" म्हणत बसलं की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दाबानं कडक होत जातात, आणि मग ऑपरेशनची वेळ निघून जाते.

झडपेचं दुखणं बहुतेक ५ ते १५ वर्षांच्या वयात मागे लागतं, तेही घशातून. स्ट्रेप्टोकोकस जंतूनं घसा धरतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. आपल्याकडे 'तालमीत मुरगळला असंल' म्हणून तेल चोळतात. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलेली असते. सांधे सुधारतात, झडपेवरचे व्रण राहतात, आणि दुखणं पुन्हा उलटलं की वाढतात.

ते उलटू नये म्हणून साधारण दर २१ दिवसांनी पेनिड्युअरचं, म्हणजे अंगात बरेच दिवस टिकणाऱ्या पेनिसिलिनचं इंजेक्शन. हृदयाला बाधा झाली असेल तर किमान १० वर्षं, पुष्कळदा त्याहूनही जास्त; कधीपर्यंत ते डॉक्टर ठरवतात. औषध दुधासारखं पांढरं, दाट. बारीक सुईत अडकतं म्हणून सुई जाड, आणि पोरगं दिवसभर लंगडतं. पोरगं तर मैदानात पळतंय, मग टोचायचं कशाला, असं वाटून घरचे बंद करतात. माझ्या मते सगळ्यात मोठा घात इथंच होतो.

दोन्हींतला फरक टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगते. शाळा-अंगणवाडीतली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असते, २०१३ पासून. पुढचे उपचारही त्यातून मोफत होतात. पथकानं चिठ्ठी दिली तर ती घेऊन कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठायचं.

ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांचं अवघड असतं. एका कोपीत सगळे दाटीनं झोपतात, एकाचा घसा दुसऱ्याला लागतो, आणि फड हलला की इंजेक्शनची तारीख चुकते. त्यांनी औषधाचं कार्ड मुलाच्या कपड्यांतच ठेवावं. नव्या गावच्या डॉक्टरला ते दाखवलं की पुढचा डोस कधीचा, हे लगेच कळतं.