काटा चुकला, तर कुणाचे किती देणे?

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की वाळवा-कराड पट्ट्यात काटामारीची, म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस कमी भरल्याची, चर्चा सुरू होते. कुणी म्हणते, काटा डिजिटल आहे, चुकेल कसा? कुणी प्रत्येक फरकाला चोरी ठरवतो. डिजिटल असतो तो फक्त पडद्यावरचा आकडा. भार पेलतात गाडी उभी राहते त्या प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल. हे पोलादी ठोकळे किंचित दबतात आणि त्यांवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण टिपणाऱ्या पातळ पट्टीचा, विद्युतरोध बदलतो. साधारण लोडसेलला 10 व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला जेमतेम 20 मिलिव्होल्ट मिळतात. लोडसेलच्या तारा जोडणाऱ्या जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली तरी एवढ्याशा संकेतात घोळ होतो.

चूक कोणत्या जातीची, यावर पुढचा सगळा हिशेब ठरतो. काटा सकाळपासून 40 किलो जास्त दाखवत असेल, तर भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही वजनांत ते 40 किलो येतात आणि वजाबाकीत उडून जातात. पण भरलेली गाडी तोलल्यावर प्लॅटफॉर्मवर चिखल साचला आणि शून्य न करता रिकामी गाडी तोलली, तर शेतकऱ्याचा तेवढा ऊस गेला. प्रमाणातली चूक वजाबाकीने जात नाही. काटा 0.5 टक्के कमी दाखवत असेल, तर 16 टनांच्या खेपेला पावतीवर 15.92 टन येतात. टनाला 3,000 रुपये धरले तर तोटा 240 रुपयांचा. ही चूक मागे जाऊन दुरुस्त करता येते: निव्वळ वजन 0.995 ने भागायचे.

मागे म्हणजे कुठवर? शेवटच्या बरोबर आलेल्या चाचणीपर्यंत. रोज सकाळी प्रमाणित वजने मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून नोंद केली असेल, तर एका दिवसाच्याच पावत्या संशयात येतात. नोंदच नसेल, तर वजन-मापे तपासणाऱ्या सरकारी वैधमापन खात्याच्या वर्षभरापूर्वीच्या शिक्क्यापर्यंत मागे जावे लागते. हंगामाच्या पहिल्या दिवशी काट्याची पूजा जरूर करा, पण चाचणी त्याच दिवशी आणि त्यानंतर रोज झाली पाहिजे.

सर्वांत मोठी गफलत इथे होते: फरक दिसला की मेकॅनिक लगेच काटा जुळवतो. मग चूक किती होती, हे कायमचे पुसले जाते. आधी काटा थांबवा. चुकीचे आकडे जसेच्या तसे, शेतकरी प्रतिनिधीसमोर लिहून सह्या घ्या. प्लॅटफॉर्म आणि खड्ड्याची भिंत यांच्यात दगड-माती अडकली आहे का, ते पाहा. भिंतीने भार उचलला की वजन कमी भरते. दुरुस्तीनंतर वैधमापन निरीक्षकाकडून पुन्हा पडताळणी आणि शिक्का. मग पावती क्रमांक, जुने वजन, नवे वजन आणि फरकाची रक्कम अशी यादी कारखान्याच्या गावोगावच्या गट कार्यालयात लावा. ऊस नियंत्रण आदेशानुसार बिल 14 दिवसांत द्यायचे असते आणि उशीर झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज लागते. चुकीमुळे अडकलेल्या फरकालाही तोच दर लावावा.

एकाच कोपऱ्याचा लोडसेल बिघडला असेल, तर मात्र गणित अडते. चाके कुठे उभी होती हे पावतीवर नसते, त्यामुळे प्रत्येक खेपेची चूक वेगळी असते. अशा वेळी सर्वांत वाईट कोपऱ्याची तूट धरून सर्वांना फरक द्यावा. काही जणांना थोडे जास्त जाईल. तो भार कारखान्यानेच सोसावा, कारण काटा त्याच्या ताब्यात होता.