भीती आणि चिंता

भीती म्हणजे समोर उभ्या ठाकलेल्या, निदान तशा भासलेल्या, धोक्याला शरीराने व मनाने तत्काळ दिलेला प्रतिसाद. चिंता म्हणजे अजून न आलेल्या, कदाचित कधीच न येणाऱ्या संकटाच्या धास्तीने रेंगाळत राहणारी अस्वस्थता. मराठीत ‘काळजी घेणे’ आणि ‘काळजी करणे’ यांत एका क्रियापदाचाच फरक असला, तरी पहिल्यात हातून काही घडते आणि दुसऱ्यात जिवाला नुसता घोर लागतो.

सांगलीत कृष्णेच्या पुरात हा भेद स्पष्ट दिसतो. आयर्विन पुलाजवळ नदीची इशारा पातळी ४० फूट, तर धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. उंबऱ्याला पाणी लागले की छाती धडधडते, ॲड्रेनलिन हे संप्रेरक स्रवते, स्नायूंकडे जास्त रक्त धावते आणि एरवी जिना चढताना दमणारा माणूस कागदपत्रांची पिशवी व धान्याचा डबा घेऊन वरचा मजला गाठतो. ही भीती उपकारकच असते आणि बहुतेकांच्या बाबतीत पाण्याबरोबर ओसरते. याउलट, नदी पात्राच्या तळाशी असतानाही जूनच्या पहिल्या सरीला पोटात गोळा येणे, रात्री दोनदा उठून मोबाइलवर कोयना धरणाचा विसर्ग किती क्युसेक आहे ते पाहणे, ही चिंता होय. पुराच्या दिवसांत हे आकडे पाहणे शहाणपणाचे आहे, त्यात आजार शोधू नये. मात्र धोका नसतानाही आकडा पाहून घटकाभर हायसे वाटते, त्या दिलाशाचीच सवय जडते आणि पुन्हा पाहिल्याशिवाय चैन पडेनासे होते.

मेंदूत दोहोंची स्वतंत्र केंद्रे असल्याचे सांगितले जाते, पण ते चित्र फार सोपे आहे. अमिग्डाला या धोक्याची दखल घेणाऱ्या मेंदूच्या भागासह बरीच यंत्रणा सामायिक आहे.

उपचार ठरवताना हा फरक कामी येतो. पाणी, उंची, साप अशा ठरावीक गोष्टीच्या अवाजवी भीतीत त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेतात. विषय बदलत राहणारी, आवरता न येणारी चिंता सहा महिने बहुतेक दिवस टिकली आणि तिच्यासोबत झोपमोड, चिडचिड, अंग आखडणे अशा तक्रारी येऊन रोजचे व्यवहार अडू लागले, तर सार्वत्रिक चिंता विकाराचा विचार होतो. तेथे अनिश्चितता सोसण्याचा सराव, विचार व वर्तन यांवरील मानसोपचार आणि गरजेनुसार औषधे दिली जातात. असे रुग्ण मात्र बहुधा ‘धडधडतंय’ एवढेच सांगत आधी फिजिशियनकडे जातात. त्यात गैर काही नाही, कारण थायरॉइडच्या अतिस्रावानेही हृदयाची गती वाढते. पण तपासण्या निर्दोष आल्यावर ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असे सांगून बोळवण केली, तर रुग्ण पुढच्या दवाखान्याची वाट धरतो.

प्रत्यक्ष पुरात सापडलेल्या व्यक्तीला महिना उलटल्यावरही तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, दचकून जाग येत असेल व नदीकाठ टाळावासा वाटत असेल, तर आघातोत्तर तणाव विकाराची शक्यता तपासावी लागते. २०१३ पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात तो चिंता विकारांपासून वेगळ्या प्रकरणात मोडतो.