ई-सायकलला हब गिअर बसवायचा असेल तर आधी मोटर कुठे आहे ते बघा

ई-सायकल घेताना सगळे रेंज विचारतात, बॅटरी किती वर्षं टिकेल विचारतात, गिअरचं कोणी विचारतच नाही. मग घोडबंदर रोडला सिग्नलवर वरच्या गिअरमध्येच अडकून थांबलो की सुटताना गुडघ्यांना कळतं. नेहमीच्या डिरेलरमध्ये चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते, त्यासाठी पेडल फिरत असावं लागतं. हब गिअरचं तसं नाही, सगळे गिअर मागच्या चाकाच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल डब्याच्या, पोटात बंद असतात आणि सायकल उभी असतानाही बदलता येतात. ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये मला तरी हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आत काय चालतं? मधलं दातेरी चाक एक्सलला, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याला घट्ट, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेली रिंग. स्टर्मी-आर्चर कंपनीचा जुना प्रसिद्ध तीन गिअरचा एडब्ल्यू हब घ्या, मधल्या चाकाला २० दाते, रिंगला ६०. चेनने रिंग फिरवली आणि छोट्या चाकांच्या फ्रेमने हब फिरवला तर वेग ७५ टक्के, म्हणजे चढाचा गिअर. उलटं केलं तर १३३ टक्के, आणि मधल्या गिअरला सरळ १०० टक्के. कोणी कोणाला ढकलायचं ते आतले स्प्रिंगवरचे छोटे खटके आणि क्लच ठरवतात.

आता मोटर. आपल्याकडच्या स्वस्त ई-सायकलींत ती बहुतेक मागच्या हबमध्येच असते, तिथे गिअरला जागाच नाही. त्यामुळे मोटर पुढच्या चाकात हवी नाहीतर पेडलपाशी, ज्याला मिड-ड्राइव्ह म्हणतात. पुढच्या चाकातली मोटर गिअरच्या वाटेला जात नाही, मिड-ड्राइव्हचा जोर मात्र तुमच्या पायांच्या जोरासकट चेनमधून थेट हबमध्ये घुसतो, आणि खटके अर्धवट बसलेले असताना तो जोर आला की दाते झिजतात, तुटूही शकतात. म्हणून गिअर बदलताना क्षणभर पेडल सैल सोडायचं. मोटर लगेच थांबत नसेल तर ब्रेकचा कटऑफ, म्हणजे ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा स्विच, हलकासा दाबा किंवा गिअर सेन्सर लावून घ्या, तो गिअर बदलताना करंट तोडतो. येऊरच्या चढावर दम लागल्यावर गिअर पाडायचा नाही, चढ सुरू व्हायच्या आधीच पाडायचा.

अजून एक, पुढचं दातेरी चाक फार छोटं लावू नका. पुढचे दाते भागिले मागचे दाते, हे प्रमाण जितकं कमी तितका हबवर पिळाचा जोर जास्त. शिमानो कंपनीच्या नेक्सस ८ या आठ गिअरच्या हबला ते साधारण २ च्या आसपास ठेवतात.

मेंटेनन्स फार नाही पण जो आहे तो टाळू नका. नवी केबल थोडी ताणली जाते, मग गिअर नीट बसत नाही, पेडल मध्येच घसरतं. नेक्सस ८ मध्ये चौथ्या गिअरला टाकून हबवरच्या दोन पिवळ्या रेषा जुळतात का बघायचं, नसतील तर केबलचा ॲडजस्टर फिरवायचा, एवढंच. लोक हे न बघता डायरेक्ट हब खोलायला निघतात, कशाला?

पाऊस बंद हबला चालतो पण हब पूर्ण वॉटरप्रूफ नसतो, साचलेल्या पाण्यात एक्सल बुडेपर्यंत घालू नका आणि धुताना प्रेशरचा पाइप त्यावर मारू नका. आत पाणी गेलं की ग्रीसची वाट लागते आणि खटके गंजतात. आतलं ऑइलिंग साधारण दोन वर्षांनी किंवा ५,००० किमीला, भरपूर पावसात चालवत असाल तर त्याआधी. रोहलॉफ कंपनीचा १४ गिअरचा हब तर ऑइलवरच चालतो, त्याचं ऑइल ५,००० किमीला किंवा वर्षातून एकदा बदलायचं.

पंक्चरवाल्याला सांगा चाक न काढता ट्यूब बाजूने ओढून पॅच लाव, बहुतेक वेळा जमतं. काढावंच लागलं तर १५ चा पाना लागतो, आधी गिअर केबल सोडवायची, आणि एक्सलवरच्या दाते असलेल्या वॉशरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, कारण हे वॉशर एक्सलला फिरू देत नाहीत आणि त्यात डावा-उजवा वेगळा असतो.