केप क्रुसेनस्टर्न

अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावरील, चुकची समुद्राला लागून असलेले सखल भूशिर. आर्क्टिक वृत्ताच्या थोडे उत्तरेस. येथे झाडे नाहीत. आहेत ते वाळू-गोट्यांचे लांबलचक बांध, एकामागे एक शंभराहून अधिक. गेल्या चार-पाच हजार वर्षांत समुद्राने ते रचले.

नवा बांध नेहमी समुद्राच्या बाजूला पडतो. सीलची शिकार करणाऱ्यांना पाण्याजवळच राहायचे असल्याने वस्तीही पुढे सरकत गेली. एरवी उत्खननात जुने खाली आणि नवे वर सापडते. येथे जुने आत आणि नवे किनाऱ्याला, म्हणजे काळ आडवा पसरलेला. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ लुई गिडिंग्ज याने १९५८ पासून हा क्रम वाचायला घेतला. आतल्या बांधांवर डेन्बी परंपरेची (येथल्या सर्वांत जुन्या शिकाऱ्यांची) बारीक दगडी हत्यारे, मधल्या पट्ट्यात त्यानंतरच्या इपियुटाक संस्कृतीच्या लोकांची घरे, तर समुद्राकडे थूल लोक आणि त्यांचे वंशज इनुपियात (वायव्य अलास्काचे आजचे मूलनिवासी) यांच्या वस्त्या, असा पट त्याच्यासमोर उलगडला. समुद्राकडून मोजता ५३ क्रमांकाच्या बांधावर सुमारे ३००० वर्षांपूर्वीची, देवमाशांची हाडे विखुरलेली एक वस्ती मिळाली. हे लोक आले कुठून आणि देवमासे खरोखर मारत होते का, हा वाद अजून मिटलेला नाही. गिडिंग्ज १९६४ मध्ये वारला. त्याचा विद्यार्थी डग्लस अँडरसन याने काम पुरे केले.

मात्र बांधाच्या क्रमांकावरून थेट वय ठरवणे फसवे असते. जुन्या बांधावर नंतरच्या लोकांनीही तळ ठोकलेला असू शकतो. वादळांच्या काळात समुद्र काही बांध गिळतो. मग तेवढी पानेच गहाळ. कार्बन-१४ वरून वय मोजण्यातही घोळ आहे. सागरी अन्नावर वाढलेल्या सीलची हाडे खऱ्यापेक्षा शेकडो वर्षे जुनी दिसतात, आणि चुलीतले लाकूड नद्यांतून वाहत आलेले, बहुधा आधीच जुने. म्हणून हल्ली भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्वज्ञ एकत्र काम करतात : बांधांची झीज हा वादळांचा इतिहास, चुली हा माणसांचा.

१९७८ पासून हा परिसर राष्ट्रीय स्मारक आहे. तरी इनुपियात कुटुंबे येथे उगरुक (दाढीवाला सील) मारायला आजही येतात. शरद ऋतूतील वादळांपासून किनारा राखणारा समुद्रबर्फ आता उशिरा गोठतो, आणि गोठलेली जमीनही वितळू लागली आहे. उत्तरेकडच्या किवालिना गावाचे स्थलांतर त्यामुळेच वर्षानुवर्षे चर्चेत आहे.